मोजपट्टीची सवत

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी, कडा झिजलेली, अंगावर खडूचे डाग मिरवणारी जी पट्टी तुम्ही पाहता, तशीच मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंपीकामातले लोक मला टेप म्हणतात. माझे वय विचाराल, तर मास्तरांच्या डोक्यावर दाट केस होते तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात आहे, एवढेच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. विणलेल्या फितीला रोगणाचा हात दिला, वर आकडे छापले, टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि मला गुंडाळून दुकानातल्या एका बरणीत ठेवले. बरणीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. एका तरुण कारागिराने आम्हां सगळ्यांना एकेक करून ताणून पाहिले. माझ्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "ही दगा देणार नाही." आणि त्याने मला सरळ गळ्यात घातले. पिशवीत नव्हे, खिशात नव्हे, गळ्यात! पहिल्याच भेटीत असा मान किती जणांना मिळतो?

तो कारागीर म्हणजेच आमचे मास्तर. त्यांचे दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दाराशी कापायचे टेबल, खिडकीशी शिलाई मशीन, मागे पडदा आणि पडद्याआड आरसा. राहायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. मास्तरीणबाई दुकानात बसून काज-बटण करतात आणि मापे लिहून घेतात. दुकानात इस्त्री आहे, कात्री आहे, ठोकळे आहेत. पण माणसाला मिठी मारायचा अधिकार फक्त माझा. कात्रीला त्याचा फार राग येई. येऊ दे.

एक गंमत सांगते. कमरेचे माप द्यायला उभा राहिलेला माणूस खोटे बोलतो. तोंडाने नाही, पोटाने. मी कमरेभोवती आले रे आले की तो श्वास रोखतो, पोट आत ओढतो आणि छताकडे बघतो. नवखा शिंपी तेच माप घेतो आणि पुढे पँटची बटणे उडतात. आमचे मास्तर मला सैल धरून उभे राहत आणि सहज विचारत, "काय साहेब, मुलीला नोकरी लागली का?" साहेब मुलीचे कौतुक सांगायला तोंड उघडत, श्वास सुटे, पोट आपल्या जागी येऊन बसे, आणि तेवढ्यात मास्तर आकडा बघून घेत. ही कला मास्तरांची, पण त्यातले निम्मे श्रेय माझे.

मात्र दुनियेच्या कमरा मोजणाऱ्या या माणसाची स्वतःची कंबर कुणीच मोजली नव्हती. चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. मास्तरांची पँट आवळू लागली की ते ती उसवत, आतली माया बाहेर काढत आणि पुन्हा शिवून टाकत. दुसऱ्या कुणाला नवी पँट घेताना तरी कळले असते की आपण वाढलो. आमच्या मास्तरांना त्यांच्या कलेने कळूच दिले नाही. दिवसभर मशीनवर बसायचे, चहात तीन चमचे साखर घालायची, आणि शेजारच्या बेकरीवाल्या काकांनी मूठभर तुटकी बिस्किटे पाठवली की मोडायला नको म्हणून खायची. अशी वर्षे गेली.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक नवी पँट दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. हात सोडले असते तर भर दुकानात शोभा झाली असती. मास्तरांनी तेहतीसचा आकडा अडतीस वाचला होता.

"ही टेप म्हातारी झाली," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "आकडेच दिसत नाहीत हिचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरीणबाईंनी मला खिडकीच्या उजेडात धरले.

"अहो, मला तर लख्ख दिसतायत. टेपला कशाला नावं ठेवता? सकाळपासून पाण्याचा जग मी किती वेळा भरला, ठाऊक आहे? आणि काल सुईत दोरा ओवायला मला हाक मारलीत, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. चला डॉक्टरांकडे."

मला टेबलावर टाकून दोघे गेले. तपासण्या झाल्या, अहवाल आले, आणि एका दुपारी दोघे परत येऊन कापायच्या टेबलाशी बसले.

"टाइप टू डायबेटिस," मास्तर म्हणाले. "मला? अगं, मला कधी साधा ताप येत नाही."

"ताप नाही, साखर आलीय. आणि ती काही आज नाही आली."

"डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले गं? मी नीट ऐकलं नाही."

"ऐकलंत सगळं. ऐकताना भिंतीवरचा तक्ता वाचत होतात. डोळ्यांचा पडदा अजून चांगला आहे म्हणाले. धूसर दिसतंय ते साखरेनं. ती उतरली की बरंच निवळेल. तोवर चष्म्याचा नंबरही काढू नका, बदलत राहील. पण साखर अशीच चढती राहिली, तर पुढं डोळे जाऊ शकतात."

मास्तरांची नजर खिडकीकडे गेली. समोर मशीनमध्ये अर्धी शिवलेली बाही अडकून पडली होती. सुईचे नेढे दिसत नाही अशा शिंप्याला दुसरे कुठले काम येते?

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग परत रक्त बघून गोळीचं ठरवू. गोळी लागली तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी ती घरात आली.

ती म्हणजे साखर मोजायचे यंत्र. काळी, गुळगुळीत, हाताच्या तळव्यात मावणारी. राहायला चेनचे पाकीट, सोबतीला पट्ट्यांची डबी. लोक तिला ग्लुकोमीटर म्हणतात. मी सवत म्हणते. मास्तरांनी तिच्यासाठी टेबलाचा कोपरा पुसून घेतला. इतक्या वर्षांत मला टांगायचा खिळासुद्धा कुणी पुसला नव्हता! सकाळी मला गळ्यात घालायच्या आधी मास्तर तिला उघडू लागले. बोटाला टोचायचे, थेंब द्यायचा आणि श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला जन्मभर मास्तरांच्या मानेचा घाम मिळाला. हिला आल्या आल्या रक्त! आणि गंमत बघा, आयुष्यभर सुया बोटांत घुसवून घेतलेला माणूस तिच्या इवल्याशा टोचणीला "आई गं" म्हणायचा. हे लाड नव्हेत तर काय?

घरातही उलथापालथ झाली. चहातली साखर गेली. सरबताची बाटली गेली. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरू लागला, पाव भागात डाळ किंवा अंडे आणि उरलेल्या पाव भागात भात. भाताची वाटी सपाट भरायची, शीग नाही. जेवल्यावर लोळायचे नाही, चालून यायचे. एक पँट शिवून झाली की मशीनवरून उठायचे आणि पाय मोकळे करायचे. मी म्हटले, चार दिवसांचा उत्साह आहे. पण सवतीचे आकडे खरेच देखणे येऊ लागले. मास्तर ते बेकरीवाल्या काकांना दाखवत.

"बघा काका! साखर माझ्या मुठीत आली."

"वा मास्तर! मग या आनंदात एक केकचा तुकडा होऊन जाऊ दे."

"एवढासा चालतो," मास्तर म्हणत आणि एवढासा नसलेला तुकडा उचलत.

गळ्यात राहणाऱ्याला गळ्याखाली काय उतरते ते कळते, मित्रांनो. मला सगळा हिशेब दिसत होता. मास्तर रोज मोजत नसत. ज्या दिवशी मोजायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी ते पाखरासारखे जेवत, दोन फेऱ्या जास्त मारत, आणि सकाळी रिकाम्या पोटी सवतीपुढे उभे राहत. डॉक्टरीणबाईंनी कधीकधी जेवणानंतर दोन तासांनीही मोजायला सांगितले होते. ते मास्तर सोयीने विसरले होते. मोजणे झाले की काकांची बिस्किटे आणि भातावर शीग होतीच.

माझ्या लगेच ध्यानात आले. मास्तर पोट आत ओढत होते! आणि ती नटवी सवत, तिला काही पत्ताच नव्हता. दिलेला थेंब चाटायचा आणि गोड आकडा सांगायचा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! असली कसली मोजणारी, जिला समोरच्याची लबाडी कळत नाही!

पण माझा आनंद टिकला नाही. एका दुपारी कोटाच्या अस्तराला हातशिलाई घालायची होती. मास्तरांनी सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचे टोक ओले केले, पुन्हा धरली, पुन्हा ओले केले. दोरा काही जाईना. इकडेतिकडे बघून त्यांनी सुई गुपचूप ठेवून दिली आणि कोट दुसऱ्या कामाखाली सरकवला. त्यांची मान माझ्याखाली गार पडलेली मला जाणवली.

मास्तरीणबाई काज करत होत्या. मान वर न करता त्यांनी ते पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भात नेहमीपेक्षा मोकळ्या हाताने वाढला. जेवण झाले. दोन तासांनी त्या स्टूल ओढून मास्तरांच्या शेजारी बसल्या.

"अहो, तो लांब कोट आठवतो का? कॉलर उलटी कापली गेली होती, आणि तुम्ही जोड न दिसता तो सावरलात?"

मास्तरांचा चेहरा खुलला. "अगं, तो! त्याचं काय झालं, कापड आडव्या विणीचं होतं..."

"हं, मग?"

मास्तर हातवारे करून सांगू लागले. सांगता सांगता डावा हात मास्तरीणबाईंच्या हातात केव्हा गेला, कळले नाही. टोचणी बसली तेव्हा ते कॉलरचे टोक वळवत होते.

"आई गं! हे काय?"

"बोला तुम्ही. कॉलरचं पुढं काय झालं?"

सवतीने आकडा दाखवला. दोनशेच्या बराच पार.

"पोट ओढायच्या आत माप घेतलंस की गं," मास्तर अगदी हळू म्हणाले.

"तुमच्याकडूनच शिकले." मग त्यांचा आवाज चढला. "कुणासाठी ओढत होता पोट? डॉक्टरीणबाईंना काय तुमची पँट घालायचीय? काकांना घालायचीय? उद्या तुम्हाला दिसेनासं झालं, की माझा हात धरून रस्ता ओलांडाल, आणि म्हणाल, आकडे मात्र माझे फार छान होते!"

"रागावू नकोस. भीती वाटते गं. वाईट आकडा बघायचं धाडस होत नाही."

"मग दोघं मिळून बघू. पण खरा बघू."

मास्तरांनी मला गळ्यातून काढले आणि उगीचच बोटाला गुंडाळत बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

त्या दिवसापासून खरे काम सुरू झाले. मास्तर जेवणानंतरही मोजू लागले. भाताची शीग आकड्याला कुठे नेते आणि जेवणानंतरची फेरी त्याला किती खाली आणते, हे ते कापडाचा पोत पाहावा तसे निरखू लागले. काकांना त्यांनी स्पष्ट सांगितले, "काका, प्रेम असेल तर बिस्किटं पाठवू नका. फिरायला चला." काका आधी फुगले, मग यायला लागले. आणि सवत? तिची तर चंगळच झाली. आता मास्तर तिच्याशी खरे बोलत होते. आधी तिचे फसणे पाहून मी जळफळाट शमवत असे; आता तेही सुख गेले.

तीन महिन्यांनी दवाखान्यातली मोठी तपासणी झाली. ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यापुढे एका रात्रीचा उपास चालत नाही. दोघे परत आले तेव्हा मास्तरीणबाई दुकानात शिरण्याआधीच बोलत होत्या. साखर पुष्कळ उतरली होती. गोळी तूर्त नको, पण हे असेच चालू ठेवा आणि पुन्हा तपासायला या, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते.

"आणि कंबरही मोजत जा म्हणाल्या," त्या म्हणाल्या. "सरळ उभे राहा बघू."

"तू घेणार माझं माप?"

"मग आणखी कोण घेणार? वर नका बघू. श्वास सोडा."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा मास्तरांच्या कमरेभोवती गेले. गळा मला पाठ होता. हा मुलूख नवा होता. त्यांनी श्वास रोखला नाही. मास्तरीणबाईंनी आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा मास्तरांनी मान खाली घालून स्वतः पाहिला. "बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांना माझा आकडा दिसला होता!

आता हा मान मला महिन्यातून एकदा मिळतो आणि सवतीला पुष्कळदा. मी जळते. खोटे कशाला सांगू? पण ती हवी, हेही मला कळते.

तुम्हांला एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात सगळ्यांची काळजी घेणारे कुणीतरी असेल, बसून बसून काम करणारे, "मला काय धाड भरलीय" म्हणणारे. त्यांना जेवणानंतर हाताला धरून बाहेर काढा. तपासणी टाळत असतील तर सोबत जा, आणि आकडा वाईट आला तर ओरडण्याआधी त्यांच्या शेजारी बसा. आणि हो, घरात एखादी मोजपट्टी असेल तर तिची घडी घालून खणात कोंबू नका. घडीवर आम्ही तडकतो.

चला, पुरे झाले माझे. मास्तर जेवून उठले आहेत, खालून काका हाका मारत आहेत, आणि घाईघाईत मास्तर मला गळ्यातून काढायला विसरले आहेत. मी मुळीच आठवण करून देणार नाही. सवत चेन लावून टेबलावर पडली आहे, आणि आम्ही फिरायला निघालो आहोत.