खांद्याच्या वर

"घरी बघायला कोण आहे?" नर्सने विचारले.

"बहीण आहे," नुबिया म्हणाली.

बहीण होती, पण ती दूर मोंतेरिया शहरात, आणि तिला अजून काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही दंड काखेपासून कोपरापर्यंत पट्ट्यांत आवळलेले, अशा अवस्थेत नुबिया टॅक्सीतून उतरली. चावी फिरवताना दुखले, म्हणून दार खांद्याने ढकलायला गेली, तर ते जास्तच दुखले. आत पंखा चालू राहिला होता.

संध्याकाळी बहिणीचा, एदिल्माचा फोन आला तेव्हा नुबियाने सांगून टाकले.

"डोकं फिरलंय का तुझं?" एदिल्मा ओरडलीच. "दंड कापून घेतलेस? या वयात कोणाला दाखवायचेत गं?"

"कोणाला नाही."

"मग?"

साखरेच्या आजाराला घाबरून नुबियाने दोन वर्षांत निम्मे वजन उतरवले होते. मांस गेले, कातडी राहिली. पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या केसांवर ड्रायर धरून हात वर केला की ती खाली लोंबायची, आणि समोर दिवसभर आरसा. एकदा एका नवरीच्या केशरचनेचा व्हिडिओ पार्लरभर फिरला. नवरीच्या डोक्यामागे नुबियाचा दंड हलत होता. कोणीतरी खुदकन हसले, मग सगळ्याच हसल्या. तीही हसली. ती लोंबती कातडी कापून घ्यायला बँकेत साठवलेले सगळे पैसे तिने त्याच आठवड्यात काढले.

"मी येऊ का?" एदिल्माने शेवटी विचारले.

"नको. तुझी नातवंडं आहेत. मी बरी आहे."

"बघ हं. मग म्हणशील, विचारलं नाही."

डॉक्टरांनी बजावले होते, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नुबियाला वाटले होते, त्यात काय एवढे. पण तांदळाचा डबा वरच्या फळीवर होता. पडद्याची दोरी वर होती. झगा डोक्यावरून घालायचा तर हात वर. ती पुढून बटणांचा एकच गाऊन घालू लागली, आणि कोपऱ्यावरून आणलेल्या अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, खाऊन दिवस काढू लागली. रात्री दोन उशांवर हात ठेवून उताणी झोपायची. कूस बदलता यायची नाही. शेजारच्या घरातले संगीत थांबले की मग फारच शांत व्हायचे.

सर्वांत वाईट हाल झाले ते केसांचे. उकाड्याने डोके चिकट होऊन वास येऊ लागला. जन्मभर लोकांची डोकी धुतली, आणि स्वतःच्या डोक्यापर्यंत हात पोचेना. आपल्या पार्लरमध्ये जायची लाज वाटली. तिथे तिने पडून हात मोडल्याचे सांगितले होते. शेवटी ती रिक्षा करून ओळखीचे कोणी नसलेल्या एका वस्तीत गेली. तिथल्या जाड्या बाईने तिला बेसिनवर मान टेकवायला लावले.

"अगं बाई, किती दिवस पाणी नाही लागलं याला?"

"हात उचलत नाही."

"आणि घरात कोणी नाही धुवायला?"

नुबियाने डोळे मिटून घेतले. बाईची बोटे कानामागून मानेपर्यंत सावकाश फिरू लागली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सोडून कोणी तिला शिवले नव्हते. त्याआधी कधी, तेही तिला आठवेना.

"साबण गेला का डोळ्यात?"

"हो," नुबिया म्हणाली. "गेला थोडा."

कामावर परतली तेव्हा अंगात लांब बाह्यांचा सदरा होता. आतून दंडांना डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे, आणि वणांवर ऊन पडू द्यायचे नव्हते. तिच्या खुर्चीमागे यामिलेत नावाची पोरगी उभी होती. आरशाला यामिलेतच्या मुलांचे फोटो लावलेले होते.

मालकीण रुबिएला नुबियाला बाजूला घेऊन म्हणाली, "हात वर करायची बंदी आहे ना अजून? मग तू सध्या बेसिनवर राहा. नंतर बघू."

बेसिन म्हणजे नव्या मुलींचे काम. नुबियाने मान हलवली.

शुक्रवारी ओतिलियाबाई आल्या. नुबियाच्याच गिऱ्हाईक, कितीतरी वर्षांपासूनच्या. बेसिनवर डोके ठेवून डोळे मिटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुझे हात मला अंधारातसुद्धा ओळखू येतील गं."

नुबियाला बरे वाटले.

"पण आता यामिलेतकडे बसते मी," बाई डोळे न उघडताच पुढे म्हणाल्या. "पोरीला माझी सवय झालीय. एकटी तीन लेकरं पोसते. तिला सोडलं तर वाईट वाटेल तिला. रागावू नकोस हं."

"छे हो, रागवायचं काय त्यात? पाणी जास्त गरम नाही ना?"

"नाही. छान आहे."

तिने टॉवेलने त्यांचे केस टिपले आणि हाताला धरून त्यांना आपल्या जुन्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवले.

पुढे डॉक्टरांची परवानगी मिळाली. खुर्ची मात्र मिळाली ती दाराजवळची, जिथे वाटेवरून येणारी अनोळखी गिऱ्हाइके बसतात. नुबियाने तीच घेतली.

त्या रविवारी तिने बिनबाह्यांचा पिवळा झगा घातला. दंडांवर मलम चोळले. वण अजून गुलाबी होते, लांब आणि सरळ. नदीकाठी ती एकटीच बराच वेळ फिरली. वारा दंडांना लागत होता. लोक आइसक्रीम खात होते, भांडत होते, पोरांना हाका मारत होते. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. हसलेही नाही.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "मागं जागा आहे मावशी, बसा की."

"असू दे," नुबिया म्हणाली.

वरची दांडी धरून, हात पूर्ण ताणून, ती घरापर्यंत उभीच राहिली.