घोडे, एक झेब्रा आणि मी

मी एक जुनी स्प्रे गन आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्यातून गोळी नाही, रंग सुटतो! डोक्यावर रंगाचा कप, शेपटीला हवेचा पाइप आणि पुढे इवलंसं नाक. चाप दाबला की कॉम्प्रेसरची हवा रंगाचं धुकं करते आणि मी ते पंख्यासारखं पसरवते.

आमचं घराणं मोठं आहे. धाकटी एअरब्रश पेनाएवढी. पापण्या, पाकळ्या असली नाजूक कामं तिची. थोरला एअरलेस पंप. त्याला फुंकायला हवा लागत नाही, तो रंगच असा दाबून फेकतो की बघता बघता भिंत तयार! मी मधली. कपाटं, सायकली, खुर्च्या माझ्या.

माझ्या मालकिणीला सगळे पेंटरताई म्हणतात. तिने मला आणलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे घरातल्या आजोबांनी, नाक मुरडलं. ते जन्मभर ब्रशवाले.

"हिने रंगवायचं? ही तर डास मारायची पिचकारी!"

पण मी पहिलंच कपाट इतकं चकचकीत केलं, की आजोबांनी त्यात बघून गुपचूप भांग पाडला. मी पाहिलं ना!

पुढे भिंतींची कामं वाढली, एअरलेस आला आणि मी फळीवर गेले. घाईघाईत मला कुणी धुतलंसुद्धा नाही. नाकात रंग वाळून दगड झाला. शेजारीच आजोबांचे ब्रश टांगलेले होते. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून तेही बेकार. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

आणि एक दिवस बागेतल्या मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे आले! पूर्वी आजोबांनीच रंगवलेले. रविवारी मुलं त्यांवर बसणार होती आणि ताईकडे दवाखान्याच्या भिंतींचं काम होतं.

"बाबा, घोडे तुम्हीच करा ना," ताई म्हणाली.

"या हाताने? घोड्याचा झेब्रा होईल!"

हसले खरे, पण त्यांनी हात पटकन खिशात घातला.

"झेब्रा पण चालेल की!" त्यांची नात म्हणाली. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरतच नाही. "आजोबा, ही गन घ्या. ब्रशला बोटं लागतात, हिला खांदा लागतो. तुमचा खांदा तर मला अजून उचलतो!"

आजोबांनी मला उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कामाचं हत्यार असं ठेवतात?" त्यांनी माझं नाक काढून थिनरमध्ये भिजवलं. भिंगरी टाचणी घेऊन धावली.

"खबरदार! नाकात टाचणी घालतात का कुणाच्या?"

देवमाणूस! ओरखडा पडला असता तर माझा फवारा कायमचा वाकडा झाला असता. मऊ ब्रशने घासून त्यांनी मला मोकळं केलं. अहाहा, काय श्वास घेतला मी!

खिडक्या उघडल्या, मास्क चढले. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. आजोबांनी सवयीने मनगट फिरवलं. मध्ये थर, कडेला नुसती धूळ.

"आजोबा, केर नका काढू! हात सरळ न्या."

मग खांद्यापासून अख्खा हात सरळ सरकला. थरथर होतीच, पण एका पट्ट्यावर दुसरा अर्धा चढत गेला आणि धुक्यात ती विरून गेली. पुठ्ठा गुळगुळीत! आजोबा बघतच राहिले. आणि नकळत त्यांनी काय केलं, माहितेय? मला डब्याच्या काठाला पुसलं, अगदी ब्रशसारखं! भिंगरी हसून हसून खाली बसली.

शनिवारपर्यंत घोडे झाले. एकच उरला होता.

"भिंगरे, चिकटपट्ट्या आण," आजोबा म्हणाले. "याचा मुद्दाम झेब्रा करू."

पांढऱ्यावर पट्ट्या चिकटवल्या, मी काळा फवारला, पट्ट्या सोलल्या. एकही रेघ थरथरलेली नव्हती!

रविवारी काय झालं, ते भिंगरीने धापा टाकत येऊन सांगितलं. घोडे रिकामे फिरत होते आणि मुलांची रांग लागली होती झेब्र्यापुढे!

मित्रांनो, तुमच्याही फळीवर कुणीतरी नाक चोंदून बसलं असेल. त्याला मोडीत काढण्याआधी एकदा खाली काढा आणि नीट धुऊन बघा. काम झालं की लगेच धुवा, उद्यावर ढकलू नका. मला आता आजोबा रोज धुतात आणि ब्रशांच्या रांगेत टांगतात. काठाला मात्र अजून पुसतात. पुसू देत! मला गुदगुल्या होतात.