चिपसेटवरचं हळदकुंकू

दसऱ्याला कळसाडीत ट्रॅक्टर, मोटारी, फवारणीचे पंप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मी निवृत्त ग्रंथपाल. माझं अवजार संगणक. धूळ पुसायला झाकण काढलंच होतं, तेव्हा वाटलं, नुसत्या पेटीला कशाला, आतल्या यंत्रालाच लावावं. बोर्डवरच्या चकचकीत पट्टीला ओलं बोट टेकवलं, झेंडूनं पाणी शिंपडलं. वायर काढायचं सुचलं नाही. बटण दाबलं तर काहीच झालं नाही.

त्यात माझा अहिराणी शब्दकोश होता, अकरा वर्षांचा. बहुतेक शब्द माझी पत्नी सिंधू हिनं सांगितलेले. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

शहाद्याला मिथुनचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला.

“काका, तुम्हीन याले ट्रॅक्टर समजनात का?”

पट्टीखाली चिपसेट होता. मिथुननं मला समजावलं. प्रोसेसर म्हणजे तहसीलदार. मेमरीशी तो थेट बोलतो. पण कीबोर्डचे, आवाजाचे, डिस्कचे कागद चिपसेट नावाच्या शिरस्तेदाराच्या हातूनच त्याच्याकडे जातात. शिरस्तेदार गेला की कचेरी बंद.

“मंग दुसरा बोर्ड टाक.”

“टाकस. डिस्क बी चांगली शे. पन तिले आपोआप लागेल कुलूप शे, नि चावी या चिपसेटमाच व्हती.”

त्यानं दुसरा बोर्ड जोडला. यंत्र सुरू झालं, माझा जीव भांड्यात पडला. मग पडद्यावर कुलूप उघडायला अठ्ठेचाळीस आकडे मागणारी चौकट आली. ते आकडे इंटरनेटवरच्या खात्यात असतात म्हणे. आमचं खातं संगणक विकणाऱ्यानं स्वतःच्याच ईमेलवर उघडलं होतं. मिथुननं त्याला फोन केला. तो ईमेल त्यानं केव्हाच बंद केला होता.

“पेन ड्राइव्हमा कॉपी शे का?”

“नही.”

“कोन्हले दिधं व्हतं का?”

वाचनालयाचे जगदीश तीनदा शब्दकोश मागायला आले होते. दर वेळी वाटलं, अर्थ चुकले असतील, लोक हसतील. म्हणून दिला नाही. हे सांगताना मी मिथुनकडे पाहिलं नाही.

त्यानं डिस्क काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, “पुसी टाकू का? डिस्क कामले तरी येई.”

“नको.”

त्यानं डिस्क पिशवीत घालून दिली. सगळे शब्द तिच्यात होते, एकही हलला नव्हता. बसस्टँडवर मी वही काढली, आठवून एक शब्द लिहिला आणि खोडला. सिंधू तो असाच म्हणायची का, हे मला सांगता येईना.