चौकटीत राहिलेले पान

तिसऱ्या ओळीतल्या सातव्या खिळ्यावर एक पांढरा ठिपका आहे. गेल्या वर्षी तो खसखशीच्या दाण्याएवढा होता. आता मोहरीएवढा झाला आहे, आणि शेजारच्या दोन खिळ्यांवरही पांढरी भुकटी दिसू लागली आहे.

मित्रांनो, हे खिळे भिंतीत ठोकायचे नव्हेत. छापखान्यात शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणतात. आणि मी एक जुने, पायाने चालवायचे छपाईयंत्र आहे. ओतीव लोखंडाचे, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. सध्या मात्र काचेच्या कपाटात गप्प उभे आहे.

माझी उमेदीची वर्षे एका लहानशा छापखान्यात गेली. तिथले मास्तर खिळे जुळवत आणि मलाही तेच चालवत. औषधांची लेबले, शाळेची प्रगतिपुस्तके, जे येईल ते मी छापले. मग एके दिवशी एक बंगाली कवी दारात आले. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. तेव्हा ते आमच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत. आपल्या लिपीचे खिळे त्यांनी सोबत आणले होते.

"तुमच्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही," मास्तरांनी आधीच सांगून टाकले.

"उत्तम! म्हणजे माझ्या कवितेला नावं ठेवणार नाही," कवी म्हणाले.

मास्तर नुसते आकार बघून जुळवत. हा पोट सुटलेला, हा काठी टेकलेला, हा डोक्यावर छत्री धरलेला. कवी शेजारी स्टुलावर बसून चुका दाखवत, आणि चुका संपल्या की स्वतःचेच शब्द बदलत. "कविराज, आता पुरे करा, बोटं झिजली माझी!" मास्तर करवादत, आणि तरीही बदलून देत.

शेवटच्या पानावर कवींनी तिसरी ओळ बदलली. मास्तरांनी नवी ओळ जुळवली, सगळे पान लोखंडी चौकटीत घट्ट आवळले आणि ती चौकट माझ्या अंगावर चढवली. "उद्या छापू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंथरूण धरले, ते पुन्हा उठले नाहीत. कवी दहा दिवस त्यांच्या उशाशी बसले आणि मग गाव सोडून गेले. त्या पानाची आठवण त्यांनी कुणाला करून दिली नाही. त्यांच्या वहीत जुनीच ओळ आहे. नवी फक्त माझ्यापाशी.

कवी थोर ठरले, तसे मीही थोर ठरले. छापखान्याचे संग्रहालय झाले. मला प्लायवूडच्या चौथऱ्यावर चढवून चहूबाजूंनी काच लावली. त्या दिवशी टाळ्या वाजल्या आणि मी हुरळून गेले. पुढे पायाने दाबायचा माझा पायटा आखडला, शाईचे रूळ वाळून लाकूड झाले. माणसे काचेला नाक लावतात, 'हात लावू नये' ही पाटी वाचतात आणि पुढच्या दालनात जातात.

संग्रहालय ज्यांच्या ताब्यात आहे त्या ताई रसायनशास्त्र शिकलेल्या आहेत. दर सोमवारी त्या भिंगातून ठिपका मोजतात आणि वहीत लिहितात. प्लायवूडमधून सुटणारी आंबट वाफ काचेत कोंडते आणि शिसे खाते, हे त्यांनीच शोधून काढले. खिळे धुऊन पान एकदा छापून घ्यावे, असे समितीला त्यांनीच लिहिले. तुम्ही ठरवाल ते मान्य, असे समितीने वर्षापूर्वी कळवले. तेव्हापासून ताई ठरवत आहेत. पोखरलेला खिळा दाबाखाली फुटला, तर कवींची ओळ ताईंच्या हातून जाईल. काहीच केले नाही तरी ती जाईल, पण त्यात कुणाचा हात दिसणार नाही.

यंदा कवींच्या स्मरणार्थ आजच्या कलावंतांना बोलावले होते. त्यांच्या कवितेतून तुम्हाला जे सुचेल ते करा, एवढेच सांगितले होते. एका चित्रकाराने काचेतून माझी चौकट न्याहाळत समोरची अख्खी भिंत रंगवली. एकेक अक्षर माणसाएवढे. बघणारे वाहवा करत.

आज एक गायिका आली. ती कवींच्याच भाषेची. तिला या पानाला चाल लावायची होती. भिंतीपुढे तिने मान वाकडी केली, आणखी वाकडी केली आणि हसत सुटली.

"अहो दादा, हे सगळं उलटं आहे!"

"उलटं म्हणजे?"

"आरशातल्यासारखं. खिळे उलटेच असतात, कागदावर उमटले की सुलटे होतात."

चित्रकार मटकन खाली बसला. "तीन आठवडे शिडीवर टांगलो होतो मी! ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते," ताई म्हणाल्या. "मग म्हटलं, उद्या सांगू. असं उद्या-उद्या करता तुमची निम्मी भिंत झाली."

"आणि मग उरलेली निम्मी होऊ दिलीत!"

गायिकेने पर्समधला छोटा आरसा काढून काचेला तिरका टेकवला आणि वाचू लागली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या अंगावरचे शब्द मी कुणाच्या तरी आवाजात ऐकले. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीत ती अडखळली.

"पुढचं लागत नाही. हे पांढरं काय साठलंय?"

"गेल्या वर्षी आला असतात, तर वाचता आलं असतं," ताई हळू म्हणाल्या.

"खाली अक्षर शिल्लक असेल?"

"धुतल्याशिवाय कळणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

ताईंनी वही उघडली, मागची पाने चाळली. महिन्यामागून महिने नुसते आकडे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण ती वस्तू कशासाठी घडली होती, हेही तिच्याकडे बघताना स्वतःला विचारा. मी छापण्यासाठी घडले होते. तुटायचे भय मला कधीच नव्हते.

ताईंनी वही मिटली.

"काच काढा," त्या म्हणाल्या. "खिळे मी धुते, शाईही मीच हाताने लावते. फुटलाच एखादा, तर माझ्या हातून फुटला असं लिहा. पान आज छापायचं."