वहीतले सात बळी

अठराव्या शतकात, इंग्लंडातल्या हॅम्पशायरच्या एका माळावर जेथ्रो पॅनेलच्या उसळत्या चेंडूंनी सात फलंदाज झेल देऊन परतले. सामना संपल्यावर गुत्त्यात गुणलेखक सायलसने वही वाचली. सातही बळी झेलणाऱ्यांच्या नावावर, त्यातले चार ढेरपोट्या बेकर एमॉसच्या!

"आणि मी काय माशा मारत होतो?" जेथ्रो कडाडला.

"दांडी उडवली असतीस तर तुझं नाव लिहिलं असतं. रीतच आहे, बाबा," सायलस म्हणाला.

"मग एमॉसच्या हातात चेंडू काय आभाळातून पडले?"

एमॉस फुकटची बिअर ढोसत नुसता हसला.

आठवड्याने लंडनहून संघाच्या मालकांचं पत्र आलं. सामना त्यांनी पाहिला नव्हता, वही मात्र नीट वाचली होती. सायलसने पत्र मोठ्याने वाचलं, "पॅनेलच्या नावावर एकही बळी नाही. यापुढे चेंडू एमॉसकडे द्यावा."