नटावरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण बिचारी नाही, हे आधीच सांगून ठेवते. रडायच्या तयारीने बसला असाल तर रुमाल खिशात घाला. ही सूडाची गोष्ट आहे.

अकरा वर्षं मी आईला दवाखान्यात नेलं. ती तिथे नर्स आहे. आम्ही दोघी भिजून आलो की ती आधी मला पुसायची, मग स्वतःला. पुढे तिचे गुडघे दुखायला लागले आणि मी जिन्याखाली गेले. आईच्या धाकट्या लेकीने माझ्यावर पायपुसणी वाळत घातली. पायपुसणी! तेही मी पोटात घातलं.

मग आईच्या थोरल्याने, दादाने, माझ्यावर बसवायला एक छोटी मोटर आणली. "आई, आता तुला पायडल मारायलाच नको!" मी हरखले. आई पुन्हा माझ्यावर बसणार!

मोटर धरणारा क्लॅम्प माझ्या नळीला सैल होत होता. मधल्या फटीत रबराची पट्टी घालायची असते. दादाने काय करावं? बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून कोंबला. वॉशर डब्यातच राहिले.

"दादा, पुठ्ठा कसा टिकेल?" धाकटीने विचारलं.

"तू गप्प बस गं, शहाणे. याला इंजिनिअरिंग म्हणतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर मला पुठ्ठा? आठवडाभर तो मला 'ट्रायल'ला पिटाळत होता आणि रस्त्यावरचा प्रत्येक हादरा मी क्लॅम्प आवळणाऱ्या नटाकडे पाठवत होते. आज पाव फेरा, उद्या अर्धा. रविवारी मैदानावर तो मित्रांसमोर मिरवणार होता. तिथेच मोटर खाली टाकून त्याचं नाक कापायचं, असं माझं ठरलं होतं.

आणि शनिवारी सकाळी आईच माझ्यावर येऊन बसली! "बघू तरी, काय केलंय लेकाने."

माझे दोन्ही टायर गार पडले. नट शेवटच्या दोन आट्यांवर होता आणि पुढे दवाखान्याचा उतार. तिथे मोटर सुटून चाकात गेली असती, तर आई तोंडावर आपटली असती. सूड दादावर घ्यायचा होता हो, तिच्यावर नव्हे!

मी दारातच साखळी पाडली.

आई साखळी चढवायला वाकली. तिने मोटरला एक बोट लावलं. मोटर डुलली आणि चेपलेला पुठ्ठा तिच्या हातात आला.

"बाळा, जरा इकडे ये."

आई 'बाळा' म्हणाली की घरात कुणाची तरी शंभरी भरलेली असते.

"यावर बसवणार होतास मला?"

दादा वॉशरचा डबा शोधायला लागला.

"याला इंजिनिअरिंग म्हणतात, आई," धाकटी म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सगळं माफ केलं, पायपुसणीसुद्धा.

त्याच दुपारी जुन्या ट्यूबचं रबर कापून फटीत बसलं, वॉशर लागले, नटावर दुसरा नट चढला. धाकटीने नट आणि क्लॅम्प यांच्यावरून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. आईने दादाला हुकूम सोडला, "रोज मी निघायच्या आधी तू ती रेघ बघायची. गुडघे टेकून."

रविवारी मित्र मोटर बघायला आले, तेव्हा दादा माझ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. काय हसले ते! मैदानापर्यंत जायची गरजच पडली नाही.

आता आई रोज माझ्यावरून जाते. रेघ अजून अखंड आहे. तरी दादा समोर आला की मी मुद्दाम जराशी कुरकुरते. तो दचकतो आणि सगळे नट पुन्हा तपासतो. तपासू दे! मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला नीट आवळत जा. आम्हाला बोलता येत नाही, पण सैल होता येतं.