लॉक सुटेना

नागसेनला मुकादमाचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पोलादपूरजवळच्या रस्त्याच्या कामावर तो टिपरने खडी टाकत होता. कुंभळवाडीच्या वरच्या डोंगराला भेग गेलीय, एसटी चढत नाही, माणसं खाली आणायला तूच जा, असं मुकादम म्हणाला. पंधरा वर्षं गाडी चालवूनही हौद्यात माणसं घेऊन नागसेन कधी घाट उतरला नव्हता. खडी घसरली तर कुणी ओरडत नाही.

वाडीत पोचल्यावर त्याने भेग पाहिली. हिरव्या उतारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ ओढल्यासारखी. पाऊस लागूनच होता आणि मधूनच बारीक दगड गडगडत खाली येत होते.

"मोठा दगड सकाळीच आला. म्हशी सोडून दिल्या रानात," जानू म्हणाला. वाडीतला तो जुना माणूस. त्याची बायको आवडी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. चौघांनी तिला घोंगडीतून आणून केबिनमधल्या बाजूच्या सीटवर आडवी केली. सून मंजुळा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाकीची सतरा माणसं जानूसकट हौद्यात चढली.

वहाळाच्या पाण्यापर्यंत गाडी नीट आली. वहाळ ओलांडल्यावर रस्ता चाळीस-पन्नास पावलं सरळ चढतो आणि चढ संपतो तिथं उजवीकडे एकदम वळतो. वळणापलीकडे दरी. चढाच्या मध्यावर मागचं डावं चाक चिखलात जागच्या जागी फिरायला लागलं. उजवं चाक घट्ट जमिनीवर होतं, पण ते हलेना. सगळा जोर मोकळ्या चाकाकडेच जात होता.

नागसेनने गाडी थांबवली, चाक फिरायचं बंद झाल्यावर डिफ लॉकचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आता मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार होती. पहिल्या गिअरमध्ये त्याने हळूच क्लच सोडला, आणि गाडी कण्हत वर सरकली. हौद्यातून कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

वळणाआधी लॉक काढायलाच हवं होतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन्ही चाकं जखडलेली असली की गाडी वळत नाही, सरळ जाते. टणक मुरुमावर पुढची चाकं येताच त्याने बटण बंद केलं. दिवा विझला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद केलं. दिवा तसाच. त्याने स्टेअरिंग उजवीकडे कापलं. पुढची चाकं वळली, पण गाडी घसटत सरळच निघाली. काचेतून रस्ता दिसेनासा झाला. समोर नुसतं धुकं.

त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

जानू टपावर थापा मारत होता. "डायवर! अरे, पुढं हातभर जागा नाय!"

खिडकीतून डोकं काढून नागसेन ओरडला, "सगळे उतरा! मागून उतरा, वळणाच्या पलीकडं जाऊन थांबा!"

माणसं पटापट उड्या टाकायला लागली. वरून एक दगड सुसाट आला आणि रस्त्यावर आपटून दरीत गेला. एक बाई किंचाळली.

"ताई, तुम्हीपण उतरा," तो मंजुळाला म्हणाला.

"आणि ह्यांना?"

"मला ऱ्हाऊ दे गो," आवडी पुटपुटली. "तू जा. पोरं हायत तुला."

"मी उतरले तर तुमी सीटवरून पडाल. धरायला कोण हाय?" मंजुळाने सासूला आणखी घट्ट धरलं. नागसेनकडे बघून म्हणाली, "दादा, काय करायचं ते करा. मला उतरायला सांगू नका फक्त."

लॉक अडकलं होतं, कारण आतल्या दांड्यांवर ताण बसला होता. स्टेअरिंग सरळ करून गाडी थोडी मागे घेतली की तो सुटतो, हे त्याला माहीत होतं. पण मागे चिखलाचा उतार, त्याखाली फुगलेला वहाळ. मागची चाकं चिखलापासून दोन हातांवर. ब्रेक धरला नाही, तर गाडी तिथंच जाऊन थांबणार होती.

"बाबा, बाजूला उभे राहा! चाकं चिखलाला लागली की ओरडा!" तो जानूला म्हणाला.

त्याने स्टेअरिंग सरळ केलं, रिव्हर्स टाकला आणि ब्रेक थोडा सैल केला. गाडी मागे सरली. वीतभर. हातभर. दिवा तसाच. आवडीने डोळे मिटले होते. ब्रेक किती दाबलाय हेच नागसेनला कळेना.

"बस! बस! लागला चिखल!" जानू ओरडला.

ब्रेक दाबूनही गाडी बोटभर सरकली. मग खालून टक् असा जड आवाज आला, आणि दिवा विझला.

त्याने पहिला गिअर टाकला. डावं चाक एकदा फिरलं, चिखल उडाला, मग मुरुमाला धरलं. स्टेअरिंग कापलं. या वेळी गाडी वळली. पलीकडे थांबलेली माणसं पुन्हा हौद्यात चढली.

पोलादपूरच्या शाळेत माणसं उतरली, आवडीला चौघांनी आत नेलं, तरी नागसेन स्टेअरिंग धरून बसून होता. बोटं उघडत नव्हती. मंजुळाने खिडकीतून चहाचा पेला पुढे केला. तो घेता येईना, म्हणून ती पेला धरून तशीच पावसात उभी राहिली.

डोंगर त्या दिवशी खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जानू टिपरपाशी आला. "म्हशी वर हायत रे. मला नेशील का?"

वर पाहायचं नागसेनच्या जिवावर आलं होतं.

"गाडी नाही न्यायची, बाबा," तो म्हणाला. "पाऊस थांबला तर वळणापर्यंत चालत जाऊ. तिथून म्हशींना हाका मारू. पुढं नाही."

"चालंल," जानू म्हणाला, आणि दोघंही शाळेच्या पायरीवर पाऊस थांबायची वाट बघत बसले.